सात पत्रे, चार संध्याकाळी

मृत्युपत्र

मी, उल्का रवी चांदोरकर, वय सत्तेचाळीस, राहणार डेव्हन ॲव्हेन्यूजवळ, शिकागो, हे माझ्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. औषधांची गुंगी दुपारनंतर चढते, म्हणून सकाळी लिहिते आहे. कायद्यासाठीची इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. ही मराठी प्रत माझा एकुलता मुलगा ईशान याच्यासाठी. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, लागू दे.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी ईशानची. घर विकायचे असेल तर विकावे, माझ्या आठवणीसाठी ठेवू नये. तळघरात पाणी झिरपते, हे घेणाऱ्याला आधीच सांगावे.

२. माझ्या मोत्यांच्या कुड्या नणंद राधिकाला पुण्याला पाठवाव्यात. तीन वर्षांपूर्वी माझे पती रवी हॉस्पिटलमध्ये शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हा तिचा फोन आला होता. "वहिनी, ईशानची परीक्षा होऊ दे. आत्ता सांगितलंस तर पोरगं कोलमडेल." मी ऐकले. ईशान आत्याला दोष देतो, तो देऊ नये. सल्ला तिचा होता, पण खोटे मी बोलले.

३. ग्रंथालयातल्या कामाचे माझे भिंग आणि टेबलावरचा दिवा सहकारी अनन्याला. सोबत एक काम. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या टॉमस हॅरोबी या तरुणाने घरी लिहिलेली पत्रे मी सहा वर्षे उतरवून काढली. जमीनदाराचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, लंडनला कायदा शिकायला गेलेला. तो लोकरीचे मोजे मागतो, बहिणीच्या अक्षराची टिंगल करतो ("जोनचं पत्र कोंबडीनं लिहिलंय का?"), आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी गुडघे टेकून वडिलांचा आशीर्वाद मागतो. तशी तिथली रीत होती. वडील फेब्रुवारीत वारले. अभ्यासाचे सत्र संपेपर्यंत आईने त्याला कळवले नाही. थंडीने त्यांची बोटे आखडली आहेत, म्हणून ते लिहीत नाहीत, असे ती सांगत राहिली; हे त्याच्या उत्तरांवरून कळते. टॉमसने सात पत्रांत मेलेल्या माणसाचा आशीर्वाद मागितला. खरे कळल्यावर त्याने आईला एकच पत्र लिहिले. पुढे घरचे काही असले तर कारभाऱ्याला लिहायचा.

त्या जागी माझी तळटीप आहे: 'आईचे वर्तन निर्दय.' रवी आजारी पडायच्या वर्षभर आधी मी ती लिहिली. अनन्या, ती काढून टाक. 'आई घाबरली होती' एवढेच लिही. कोणी पुरावा मागितला तर माझे नाव सांग.

४. ईशान, हे तुला. तू मॅडिसनला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतास. रोज संध्याकाळी फोन करायचास.

"बाबांना दे ना."

"झोपलेत रे."

"स्टिल? किती झोपतात यार!"

पहिले नऊ दिवस ते खरेच झोपलेले असायचे. नंतरच्या चार संध्याकाळी ते शवागारात होते आणि मी तेच म्हणत होते. चौथ्या दिवशी तू म्हणालास, "त्यांना सांग, फिजिक्सचा पेपर मस्त गेला." मी म्हटले, "सांगते."

मी दहावीला असताना माझा मोठा मामा गेला. मला ते शेवटच्या पेपरनंतर, शाळेच्या फाटकात सांगितले, आणि सगळे म्हणाले, किती जपलं पोरीला. मी हेच शिकले होते. तुझी परीक्षा संपल्यावर बाबांचे खरे सांगितले, तेव्हापासून तू फक्त वाढदिवसाला मेसेज करतोस. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

५. हे कलम आज वाढवले आहे. कालपर्यंत ईशानला माझ्या आजाराची कल्पना नव्हती. वरचा मजकूर काल शेजारचे गुरुनाथ काका आणि प्रीता काकू यांना वाचून दाखवला. काका म्हणाले, "पुढच्या आठवड्यात त्याची फायनल आहे ना गं? तेवढी होऊ दे."

काकू त्यांच्यावर खेकसल्या, "अहो, आत्ता काय ऐकलंत तुम्ही? कान घरी ठेवून आलात?"

मी तिथेच बसून फोन लावला. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, डॉक्टर उन्हाळ्याबद्दल काही बोलत नाहीत, सगळे सांगितले. मग तो म्हणाला, "एक्झामचं मी बघतो. ते तू नाही डिसाइड करायचं, आई."

६. माझ्या अंत्यविधीचा दिवस ईशानने ठरवावा. त्यात दुसऱ्या कोणी बोलू नये.

येथवरचे सर्व मी पुन्हा वाचले, ते खरे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते आहे. ईशान पहाटे मॅडिसनहून निघून साडेसातला इथे आला. वारस असल्यामुळे त्याला साक्षीदार होता येत नाही. तो टेबलापलीकडे बसला आहे, कोट न काढता. अजून माझ्याशी बोललेला नाही. माझे पेन उमटेना, तेव्हा त्याने खिशातले स्वतःचे काढून पुढे केले.

सही: उल्का रवी चांदोरकर

साक्षीदार:
गुरुनाथ पारसनीस
प्रीता पारसनीस

शिकागो, रविवार, ७ डिसेंबर २०२५