टोकदार काडतुसं

वादी अदाई, मस्कत
७ नोव्हेंबर १९९७

चि. मैत्रीस,
सप्रेम जयभीम, वि. वि. आपल्या धाकट्या रुपेशचा डावा हात कसा गेला ते आता पक्कं कळलं. त्याच्या अर्बाबची, म्हणजे तिथल्या मालकाची, ती जुनी लिव्हरची रायफल. तिच्यात काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार गोळी असली की तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकतं आणि बार उडाल्याच्या धक्क्याने ते आतच फुटतं. म्हणून चपट्या तोंडाचीच भरायची, हे मी अर्बाबच्या मुकादमाला, भिकाजीला, आमच्या बंदुकीच्या दुकानात बजावलं होतं. तरी त्याने कुणीतरी हाताने भरलेली टोकदार घातली आणि पहिला बार रुपेशला काढायला लावला. वर पोलिसांत सांगितलं, पोराने रायफल चोरली होती. तू जपून राहा. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा दादा,
गजेंद्र

महाड
२५ नोव्हेंबर १९९७

ती. दादास,
सा. जयभीम. रुपेशच्या शर्टाची बटणं मी लावून देते, आणि गावात त्याला चोर म्हणतात. तो मेला भिकाजी परत तुझ्या दुकानात येईलच. तसलीच काडतुसं हसून दे त्याच्या हातात. जमणार नसेल तर मला पत्र लिहू नकोस.
तुझी,
मैत्री

मस्कत
२० फेब्रुवारी १९९८

चि. मैत्रीस,
स. जयभीम. भिकाजी आला. हरणाला थर्टी-थर्टीचं काडतूस पुरेल का, कायद्यात कुठलं बोअर बसतं, असं विचारू लागला. मी म्हटलं, इथे हरीण मारायला कुठलंच बोअर कायद्यात बसत नाही. हसला. म्हणाला, तू अर्बाबच्या परवान्यावर काडतुसं दे, बाकी मी बघतो.

एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेली टोकदार काडतुसं खणात होती. ती मी हातात घेतली, तुझी शपथ. तेवढ्यात तो म्हणाला, पहिला बार ताबिश काढेल. ताबिश म्हणजे त्याचा नवा ड्रायव्हर, रत्नागिरीचा. बाहेर गाडीत बसून घरी पाठवायच्या कॅसेटमध्ये बोलत होता, मधेच स्वतःशी हसत होता. मी चपटीच दिली.

मग ताबिशला गाठून सगळं सांगितलं. त्याने तब्येतीचं निमित्त काढलं आणि शिकारीची जागा मला कळवली. मी वन्यजीव रक्षकांना फोन केला. भिकाजी हरणावर नेम धरतानाच सापडला. जबाबात रुपेशचंही निघालं. चोरीचा ठपका खलास! शिक्षा भोगली की भिकाजीला विमानात बसवतील. तारीख कळवतो. आता तरी राग सोड.
तुझा,
दादा

महाड
१४ सप्टेंबर १९९८

ती. दादास,
सा. जयभीम. तू कळवलेल्या तारखेला आम्ही दोघं मुंबईला सहार विमानतळावर गेलो. भिकाजीला घ्यायला त्याची बायको आणि मुलगी आली होती. रुपेश पुढे झाला, डावी बाही वर केली आणि म्हणाला, काका, हात मिळवा. मुलीने विचारलं, बाबा, हे कोण? भिकाजीने मान फिरवली. रुपेश वाटेतून हटला नाही. त्याच्याच तोंडून सगळं वदवून घेतलं, शेवटपर्यंत, त्या दोघींसमोर.

परतताना मला वाटलं, रुपेश रडेल. तो म्हणाला, ताई, भूक लागलीय.

तुझी माया अशीच असू दे.
तुझी,
मैत्री