घरपट्टी मी कमी केली

४ मार्च, सकाळी
नगरपालिकेने घरपट्टीचा दर कमी केला! पेपरात आतल्या पानावर, तळाला, पण चौकटीत. गेली दोन वर्षं मी याच विषयावर पत्रं पाठवतोय. एकाचंही उत्तर नाही. त्यांना उत्तर असं द्यायचं होतं तर. फार थकवा वाटतोय. लोकांसाठी झटणाऱ्याला वाटतोच.

बायकोला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, तुमची पत्रं पोचली होती का? म्हटलं, परिणाम दिसतोय ना! ती म्हणाली, तिकिटांचे पैसे माझ्या पर्समधून जायचे म्हणून विचारलं. आणि वर गेली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तिचा शिवणक्लास असतो. मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून (समाजकार्यासाठी. ऑफिसचाही फार आग्रह होता) घर त्या क्लासवर चालतं. म्हणजे असं ती म्हणते.

५ मार्च
शेजारच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांना सांगितलं की दर माझ्यामुळे उतरला. ते म्हणाले, अहो, निवडणूक आलीय. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

संकल्प: सत्कार करू म्हणाले तर नम्रपणे नकार द्यायचा. एकदाच. जास्त ताणलं की राहूनच जातं.

९ मार्च
कोणी विचारलं नाही. शेवटी नगरसेवकाला मीच फोन केला. मीटिंगमध्ये होता. पुन्हा केला. पुन्हा मीटिंग. मग एकदाचा उचलला आणि म्हणाला, काका, तुमच्याकडे माणूस येईलच, घरोघरी वाटलेली नोटीस वाचली ना? म्हटलं, म्हणजे काय, पाठ आहे. पहिल्या ओळीत दर कमी केल्याचं लिहिलंय. खाली बारीक अक्षरात बरंच काही आहे, पण अशा मजकुरात काही नसतं. मी सरकारी भाषा ओळखतो.

बचतीतून बायकोला मोटारीचं मशीन घ्यायचं ठरवलं. पायमशिनीने गुडघे गेलेत तिचे. सांगितलं तिला. चहा न मागता आला.

१६ मार्च
माणूस आला. पन्नाशीचा, घामाघूम, गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. म्हणाला, सकाळपासून जिनेच चढतोय. टेप बघून वाटलं, दाराशी पाटी लावणार असतील. पण मापं पूर्ण भिंतीची घेत होता. फारच मोठी पाटी! मी संकोचलो.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून काहीतरी खुणा करत होती. मी म्हटलं, हो हो, ठेव चहा.

त्याने विचारलं, वर काय आहे? बायको म्हणाली, अडगळ. मला राहवेना. अडगळ काय! चला, दाखवतो. वर मुली मशिनवर बसल्या होत्या. मी त्याला सगळं सांगितलं. या भागातला सगळ्यात जुना क्लास. नवीन बॅचला जागा मिळत नाही. हिच्या हाताखालून गेलेल्या मुली आज स्वतःची दुकानं चालवतात. कापड नुसतं हातात घेतलं की हिला कळतं ते कुठे कमी पडणार. तो लिहून घेत होता. म्हणाला, म्हणजे व्यवसाय आहे. म्हटलं, व्यवसाय? जोरात!

जाता जाता त्याला पोस्टमास्तरांनी बंद करून घेतलेली बाल्कनीही दाखवली. शेजाऱ्याचंही नाव व्हावं.

खाली आलो तर बायको ओट्याशी नुसती उभी. चहाचं पाणी आटून भांडं करपलं होतं.

२ एप्रिल
बिल आलं. दर कमी झालाय, हे मान्य करायला हवं. पण घर मोठं झालंय. गच्चीवरची खोली व्यापारी दराने धरलीय, शिवाय विनापरवाना म्हणून दंड. एकूण आकडा इथे लिहीत नाही. वहीला वाईट वाटेल.

बायकोने नोटिशीचा बारीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. दर उतरवला म्हणून सगळ्या घरांची फेरमोजणी. मी म्हटलं, हे ठळक छापायला नको का?

पोस्टमास्तरांनाही बिल आलंय. मी हात केला. त्यांनी खिडकी लावून घेतली.

रात्री जेवताना बायको म्हणाली, लग्न झाल्यापासून माझ्या कामाचं कौतुक पहिल्यांदा केलंत. तेही टॅक्सवाल्यापुढे.

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मीही चिडलो असतो. ती दमून म्हणाली.

५ एप्रिल
अपील करायला नगरपालिकेत गेलो. खिडकीवरच्या बाईंना आवर्जून सांगितलं, हा दर माझ्या पत्रांमुळे उतरलाय. त्यांनी पत्रांची नोंद शोधली. एकही नाही. कुठल्या पत्त्यावर पाठवत होता, म्हणाल्या. सांगितला. म्हणाल्या, काका, ऑफिस तिथून हलून जमाना झाला. तिथे आता जिम आहे.

म्हणजे कोणीतरी वाचली असतील.

२० एप्रिल
खोली उतरवली तर दंड माफ, म्हणून उतरवली. मशिनं हॉलमध्ये. माझी आरामखुर्ची जिन्यात. मोटारीच्या मशिनचा विषय मी काढला नाही. तिनेही नाही. तिच्या मदतनीस बाई गेल्या, आता परवडत नाहीत. मी म्हटलं, काळजी करू नकोस, त्यांचं काम मी बघतो. शिवण म्हणजे काय, सुई आत, सुई बाहेर. दोन दिवसांत हात बसेल.

२६ एप्रिल, संध्याकाळी
एका फ्रॉकचा घेर हातशिलाईने दुमडायचा होता. सगळी दुपार गेली. माझी शिलाई सरळ होती, फ्रॉक जरा वाकडा निघाला. तिने उजेडात धरून पाहिला. मुली हसल्या असत्या तर चाललं असतं. हसल्या नाहीत.

मी म्हटलं, दंडाबद्दल मुख्याधिकाऱ्यांना एक पत्र टाकतो, आता पत्ता बरोबर आहे. ती म्हणाली, आधी हे उसवा. मग टाके पुन्हा घाला.

सुई तिनेच ओवून दिली.

उसवतोय.