आत्याने निवडलेलं सॉफ्टवेअर

प्रिय आत्या,

काल आपला खेळ लोकांच्या फोनवर आला. रश्मीने ऑफिसात फोन करून सांगितलं, "मृणाल, आला बघ." समोर व्हाउचरांचा गठ्ठा होता. तो बाजूला सारून मी आधी तुलाच फोन लावायला गेले. तुझा नंबर अजून यादीत सगळ्यात वर आहे. मग आठवलं. म्हणून हे पत्र लिहितेय.

खेळाच्या संगीताचं हे काम माझ्या गळ्यात घातलंस तूच. रश्मी, माझी कॉलेजची मैत्रीण, गिरगावच्या घरी येऊन तुला ती बनवत असलेला फोनवरचा खेळ दाखवत होती. तिचे वडील माझगावच्या गोदीत होते, म्हणून खेळात जहाजाच्या पोटात वेड्यावाकड्या आकारांची खोकी बसवायची. संगीत कुणाकडून करून घ्यायचं, एवढंच तिचं अडलं होतं. तू मला न विचारता सांगून टाकलंस, "आमची मृणाल करेल की. पेटी शिकलीये ती." पेटी मी आठवीत सोडली होती, आत्या. तुला ते ठाऊक नव्हतं का?

पण खेळांतलं तुला आमच्यापेक्षा जास्त कळायचं, हे मान्य. डायलिसिसला बुधवारी बाबा तुला परळला न्यायचे, शनिवारी मी. एका हाताला मशीन लावलेलं, दुसऱ्या हाताने तू फोनवर रंगीत गोळ्या फोडत बसायचीस. कानात हेडफोन. मध्येच वैतागून म्हणायचीस, "हरलं की हे कसलं रडगाणं लावतात? हरलो ते माणसाला कळलेलं असतं ना. तुझ्या खेळात हरल्यावर काही वाजवू नकोस."

आणि मग ते संगीत करायचं सॉफ्टवेअर. रश्मीने तीन नावं दिली होती, नवशिक्यांना जमतील म्हणून. मी शनिवारी लॅपटॉप घेऊन तुझ्या पलंगाशी बसले. पहिलं उघडलं तर पडदाभर बटणं, पट्ट्या, आकडे. तू चष्मा वर करून पाहिलंस. "हे मिट. नुसतं बघून माझं बीपी वाढतंय."

दुसरं सोपं होतं. तयार तुकडे उचलायचे आणि एकापुढे एक ठेवायचे. थोड्याच वेळात सिनेमात शोभेल असं काहीतरी वाजायला लागलं. मी खुशीत हेडफोन तुझ्या कानाला लावले. तू शेवटपर्यंत ऐकलंस.

"छान आहे. ह्यात तू काय केलंस?"

मला राग आला होता. सांगितलं नाही तेव्हा, आता सांगते. मी म्हटलं, "आत्या, आजकाल असंच करतात." तू म्हणालीस, "करत असतील. मी तुझं विचारतेय."

तिसरं दिसायला अगदी साधं. पाच-सहा वाद्यं, खाली पेटीसारखी पट्टी आणि वर चौकोन. चौकोन भरला की सूर लागायचा. मी एका बोटाने शाळेत शिकलेलं काहीतरी वाजवलं. चुकलं, पुन्हा वाजवलं. तू म्हणालीस, "हेच घे. ज्याच्यात पहिल्याच दिवशी आपल्या हाताने काहीतरी होतं, ते घ्यावं. मोठं लागेल तेव्हा मोठं घे." शिवणाचं मशीनही तू असंच घेतलं होतंस म्हणे.

पुढचे कितीतरी शनिवार तेच चाललं. मी आठवडाभर चौकोन भरायचे, तू ऐकायचीस. खेळातलं संगीत संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि तिथेच तू कपाळाला आठ्या घालायचीस. "इथे जिना उतरताना पायरी चुकल्यासारखं होतं बघ." बरोबर होतं तुझं. शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तिथे मध्येच कापली जायची. उपाय मला बऱ्याच खटपटीनंतर सापडला. गाणं लागोपाठ दोनदा वाजवायचं आणि त्यातली फक्त दुसरी फेरी कापून खेळात वापरायची. म्हणजे पहिल्या फेरीतला रेंगाळलेला सूर तिच्या सुरुवातीवर येतो आणि सांधा कळत नाही. गुरुवारी हे जमलं. मी तुला स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. तू म्हणालीस, "आता नको, दमलेय. शनिवारी निवांत ऐकते."

शुक्रवारी पहाटे तू गेलीस. इतकी दमली होतीस, तर आधी का नाही बोललीस? "मला काय धाड भरलीये" एवढंच ऐकत आलो आम्ही.

त्यानंतर मी लॅपटॉप उघडला नाही. रश्मी घरी आली, बाबांजवळ बसली. जाताना दारात हळूच म्हणाली, "मी तयार संगीत घेते. खरंच चालेल. तू त्रास करून घेऊ नकोस." मी हो म्हटलं. मला सुटल्यासारखंच वाटलं.

मग हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला. तुझी शाल तिथे राहिली होती. ती आणायला गेले, तर तुझ्या शेजारच्या पलंगावरचे साळवीकाका, चिंचपोकळीचे, त्यांनी हाक मारली. "काय गो, बाईंचा तो जहाजाचा खेळ झाला काय? भाची गाणी करतेय म्हणून सगळ्यांना सांगायच्या. आम्ही वाट बघतोय."

सगळ्यांना? तू अख्ख्या वॉर्डला सांगून ठेवलं होतंस, आणि मला पत्ताच नाही.

माझ्या फोनवर अर्धवट खेळ होता. तो मी त्यांच्या हातात दिला. संगीत सुरू झालं, गुरुवारचं, तू न ऐकलेलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. काका हरले. तू सांगितल्याप्रमाणे मी तिथे काहीच ठेवलं नव्हतं. काकांनी फोन कानाशी नेला, हलवला. "बंद पडला काय गो?"

म्हणजे तुझंही सगळं बरोबर नव्हतं, आत्या. रडगाणं नको हे खरं, पण अगदीच काही नाही तर माणूस घाबरतो. घरी येऊन मी रश्मीला कळवलं, "तयार संगीत घेऊ नकोस." आणि लॅपटॉप उघडला. हरल्यावर आता एकच खालचा सूर वाजतो, आणि त्याच्यातूनच मूळ चाल पुन्हा सुरू होते. तो एक सूर बसवायला मला आठवडा लागला. तुला आवडला असता का? कुणाला विचारू?

खेळ पुरा झाल्यावर तो आधी साळवीकाकांना दिला. ते मशीनवर होते. दोन जहाजं भरली त्यांनी, तिसरं भरता भरता डोळा लागला. फोन छातीवर, चाल चालूच. सिस्टर बंद करायला आल्या, थोडं थांबून ऐकलं, आणि तशाच पुढच्या पलंगाकडे गेल्या.

तेव्हाच रश्मीने खेळ बाबांच्या फोनवरही घालून दिला. ते मात्र आवाज बंद करून खेळतात. आम्हाला वाटतं पेपर वाचतायत. रश्मीकडे खेळणाऱ्यांची यादी असते, तीत त्यांचं नाव रोज एकेक जहाज पुढे सरकलेलं दिसतं. संगीताविषयी अक्षर बोलत नाहीत. तुझा भाऊ, तुला माहीतच आहे.

मी त्यांना घाई करणार नाही, आत्या. 'ऐका ना' म्हणून मागे लागणार नाही. ज्या दिवशी ते स्वतःहून आवाज लावतील, त्या दिवशी त्यांना एकट्याने ऐकावं लागणार नाही, एवढं मी बघेन.

तुझी,
मृणाल