फ्लायव्हील बसवण्याआधीचं सूप

वाल द उर्झिश,
९ सप्टेंबर

आदरणीय दोना ग्रासिंदा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? माझं ठीक चाललंय. आपल्या घरांमध्ये एक रस्ता आणि तुमचा कुत्रा एवढंच अंतर असताना मी टपालाने पत्र पाठवतोय, याचं तुम्हाला हसू येईल. पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि समोर आलो की ताट वाढता. तोंडात घास असताना मला हे सांगता येणार नाही.

विषय फ्लायव्हीलचा आहे.

रविवारच्या शर्यतीत तुमच्या एल्दरची क्वाड, ती चार चाकांची मोटारसायकल, पहिल्याच चढावर खोकली, उलटी लाथ मारून बंद पडली आणि एरवी शेवटून पहिले येणारेही हात हलवत पुढे निघून गेले. झाकण उघडलं तर या मोसमातलं नेहमीचंच दुखणं, फ्लायव्हीलची चावी कापलेली. एल्दर चारचौघांत म्हणाला, "आदेरितु काका, चष्मा बदला नाहीतर धंदा बदला. आता एकच शर्यत उरलीय. तीही गेली, तर पुढच्या वर्षी मी ब्रागान्साहून दुसरा माणूस आणतो." मी म्हटलं, "आण बाबा, चूक माझीच आहे." तुम्ही शेजारीच उभ्या होतात आणि टोपलीतला झाकलेला पाव उगाच पुन्हा झाकत होतात.

थोडं कामाचं सांगतो, कंटाळू नका. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड फिरतं चाक, बसतं क्रँकच्या दांड्याच्या निमुळत्या टोकावर. लोकांना वाटतं, त्याला ती छोटी चावी, खाचेत बसणारी धातूची पट्टी, धरून ठेवते. चावी बिचारी फक्त जागा दाखवते. धरून ठेवते ती कोरड्या पोलादाची कोरड्या पोलादावरची पकड. म्हणून मी दोन्ही भाग पेस्ट लावून एकमेकांवर घासतो, सगळीकडे सारखा करडा रंग येईपर्यंत. मग स्पिरिटने पुसतो आणि नट मापाच्या पान्याने आवळतो. काढताना पुलर लावतो, हातोडा कधीच नाही, कारण हातोड्याने डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. हे सगळं मी केलं होतं.

मग मी सगळ्यांवर संशय घेतला. नटावर, चावी बनवणाऱ्यावर, क्रँक वाकलाय का म्हणून क्रँकवर, एल्दरच्या थ्रॉटल दाबणाऱ्या अंगठ्यावर. शेवटी सोमवारी त्या टोकावर नुसतं बोट फिरवलं, तर ते बुळबुळीत लागलं. इंजिनातलं तेल काळं असतं, जळकट वासाचं. हे हिरवट सोनेरी होतं. दोना ग्रासिंदा, मी ते चाटलं. घशाला झोंबलं. खात्री करायला पावाच्या तुकड्याने टिपून खाल्लं. या गावात घशाला असं झोंबणारं तेल एकाच घरचं आहे, तुमच्या विहिरीमागच्या ऑलिव्हच्या झाडांचं. शिवाय त्याला वातीच्या काजळीचा वास होता, म्हणजे प्रवाशांना सांभाळणाऱ्या तुमच्या संत ख्रिस्तोफरसमोरच्या दिव्यातलं.

मग एकेक आठवत गेलं. तुमच्या शेडमध्ये मी फ्लायव्हील पुसून स्वच्छ फडक्यावर ठेवतो आणि नेमकी तेव्हाच तुमची हाक येते, "आदेरितु, सूप निवतंय, हात धुवून या." मी येतो. तुम्ही ताट वाढून "कोंबड्यांना दाणे घालून आलेच" म्हणत शेडकडे जाता. परत जाऊन मी फ्लायव्हील बसवतो. कोंबड्या मात्र तेव्हाही उपाशी ओरडत असतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एल्दरला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. एप्रिलमध्ये तो शर्यतीत पडला आणि इस्पितळात आईलाही ओळखेना, त्यानंतर तुम्ही काय वाट्टेल ते केलंत तरी मी नावं ठेवणार नाही. पण तेलाने पकड सुटून फ्लायव्हील असं सरकत राहिलं तर नुसती चावी जात नाही. एखाद्या दिवशी ते भर वेगात फुटतं, झाकण फाडून बाहेर येतं आणि त्या झाकणाला लागूनच त्याची डावी पोटरी असते. ब्रागान्साचा माणूस आला तरी तेल तेच राहणार. म्हणून लिहितोय. त्याच्या रक्षणासाठी दिव्याच्या तेलाने क्रूस काढायचाच तर साखळीवर काढा, साखळीला तेल चालतं.

गाडीचं झालं. आता जे लिहायचं नव्हतं ते.

मला वाटायचं, सूप माझ्यासाठी असतं. सॉसेजचा मोठा तुकडा माझ्याच ताटात पडतो म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी मी दाढी करून यायचो. आता कळलं, ते मला शेडमधून उठवायला होतं. वाईट वाटलं. या वयात वाटू नये, पण वाटलं.

येत्या शनिवारी मी आधी फ्लायव्हील बसवीन, झाकण लावीन आणि मगच हात धुईन. त्यानंतर हाक आली नाही, तरी माझी तक्रार नाही.

झाकण लावल्यावरही तुमचाच,
आदेरितु


११ सप्टेंबर

आदेरितु,

गुडघा आहे तसाच आहे.

तेल मीच घातलं. काल एल्दरला सांगून टाकलं. आधी तो हसला, मग रागावला, मग माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "आई, आता काकांना मी कुठल्या तोंडाने भेटू?" तो माफी मागायला येईल. लगेच विरघळू नका, जरा वेळ तोंड पाडून बसा. त्याची पोटरी मी रात्रीची पांघरूण घालताना पाहिली. परत तेल घालणार नाही.

आता तुमचं. चाटून तुम्ही तेल कुठल्या झाडांचं ते सांगता, आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखता. मग एवढं साधं गणित कसं जमलं नाही? तेल एप्रिलनंतर सुरू झालं. सूप कधीपासून आहे, आठवून बघा. तेव्हा एल्दरकडे क्वाडसुद्धा नव्हती. तुम्ही माझ्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला यायचात.

तो पंप कधीच बिघडलेला नसायचा.

शनिवारी फ्लायव्हील बसवा, नट नीट आवळा, झाकण लावा आणि हात धुवून या. कोंबड्यांना मी सकाळीच दाणे घातलेले असतील.

यापुढे नावाआधी मानाचं दोना लिहू नका,
ग्रासिंदा