धाकूच्या गिटारीला नवं पॉलिश

५ जानेवारी, सकाळ
ठरलं. व्हीआरएस घेतली म्हणून माणसाने गंजत पडू नये. आजपासून गिटार रिपेअरिंग. व्हिडिओ भरपूर पाहून झालेत. हात मुळातच स्थिर. रीमा म्हणाली, आधी मिक्सरचं झाकण बघा. मिक्सर हे तंतुवाद्य नाही. दुर्लक्ष केलं.

९ जानेवारी
पहिलं गिऱ्हाईक! खाडीकडच्या गल्लीतली आरोही, आमच्या धाकूची मुलगी. धाकूला जाऊन दोन वर्षं होतील. भाईंदर ते घोडबंदर, हळद कुणाचीही असो, गिटार धाकूचीच. पुढच्या महिन्यात आरोहीचं लग्न. हळदीला बाबांच्या गिटारीवर बाबांचंच गाणं वाजवायचंय म्हणते. तारा अडकवतात ती लाकडी पट्टी, म्हणजे ब्रिज, मागून उचलला गेलाय. म्हणाली, "ईश्वरकाका, एवढंच चिकटवून द्या. बाकी कशाला हात लावू नका."
लाजाळू पोरगी. जास्त काम सांगायला संकोच वाटला असणार.

१३ जानेवारी
ब्रिज चिकटवला. दाबून धरायला शिकंजा नव्हता. पोळपाट, त्यावर कुकर, कुकरात तांदूळ. रीमाने विचारलं, जेवणाचं काय? बाहेरून मागवलं. ब्रिज एकदम घट्ट बसलाय. इथेच थांबता आलं असतं. पण डॉक्टर ताप उतरवतो आणि पेशंटची वाढलेली दाढी तशीच ठेवतो का?
ठेवतो. मी नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
गिटारीची दशा बघवत नाही. हात टेकतो तिथे काळपट, तेलकट डाग. भोकाजवळ बोटं घासून घासून रंग पार गेलाय, आतलं लाकूड दिसतंय. धाकूने कधी फडकं मारलं नाही वाटतं. लेकीच्या हळदीत ही अशी गिटार? धाकूला वर काय वाटेल! फुल रिस्टोरेशन करतोय. फुकट. सरप्राइज.

१८ जानेवारी
पॉलिश पेपर मारला. डाग हट्टी निघाला. जरा जास्तच घासावं लागलं. आता डाग नाही, खड्डा नाही, काही नाही. नव्या पाटासारखी गुळगुळीत. बाल्कनीत वॉर्निशचे हात दिले. वासाने रीमाचं डोकं दुखतंय. कलेला घरचेच नडतात.

२५ जानेवारी
आरोहीचा फोन. झाली का? म्हटलं, झाली, पण तू ओळखणार नाहीस! हसली.

१ फेब्रुवारी, दुपार
गिटार पोचवली. दार धाकूच्या बायकोने, लक्ष्मीवहिनींनी उघडलं. गिटारीकडे बघून म्हणाल्या, "ही कोनाची हाय?"
याहून मोठी दाद कुठली! ऐटीत बसलो.
आरोहीने गिटार खिडकीशी नेली. उजेडात तिरकी धरून बघत राहिली. मग तिच्यावर आपला हात टेकवला. उचलला. जरा सरकवून परत टेकवला. म्हणाली, "काका, बाबांचा हात इथेच असायचा ना?"
म्हटलं, तो डाग ना? मुळापासून काढला.
"हो," म्हणाली. मग गिटार भिंतीला टेकवून ठेवत, "छान चमकतेय."
वहिनी चहा ठेवते म्हणून आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. थोडा वेळ बसलो. निघालो.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ
तिने स्पष्ट सांगायला हवं होतं. तसं सांगितलं होतं म्हणा. पण कारण कुठे सांगितलं?
गेलेला डाग परत कसा आणायचा, यावर एकही व्हिडिओ नाही.

४ फेब्रुवारी
उद्या जाऊन माफी मागणार. फायनल. वाक्यंही पाठ केलीत.

५ फेब्रुवारी
गेलो. गल्लीच्या तोंडापर्यंत. मांडव घालणं चाललं होतं. एवढ्या गडबडीत माफी मागणं बरं दिसत नाही. येताना कोथिंबीर आणली.

८ फेब्रुवारी
आज आरोहीची हळद. रीमाला सांगितलं, पोट बिघडलंय. ती एकटीच गेली. आमच्या बाल्कनीपर्यंत गाणं ऐकू येत होतं. दार लावून घेतलं.

९ फेब्रुवारी, सकाळ
चहा पिता पिता रीमाने सगळं सांगितलं. आरोही वाजवायला बसली, अख्खी गल्ली गायला लागली. गिटार मात्र मावसभावाची, विकीची. कुणीतरी विचारलंच, धाकूची गिटार कुठाय? आरोही माइकवर म्हणाली, बाबांची गिटार खाडीच्या हवेने गेली. ईश्वरकाकांनी तिच्यासाठी खूप मेहनत घेतली, त्यांचा काही दोष नाही. लोकांनी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या.
रीमाचा चेहरा फुललेला. म्हणाली, "मी उगाच तुम्हाला बोलत असते."
मग डबा पुढे ठेवला. तांदळाचे वडे. काकांचं पोट बरं झालं की द्या, म्हणून आरोहीने अंगाला हळद असताना स्वतः उठून भरून दिलेले. झाकणाला पिवळी बोटं लागलेली होती.
रीमाला खरं सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं.
म्हणालो, "वडे मऊ झालेत."