माहेरचं नाव

आई,

हे तुला पोचणार नाही, एवढं मला कळतं. मी निवृत्त झाले आहे, खुळी झालेली नाही. पण ज्यांना सांगावं ते सगळे "तुम्ही आता आराम करा" म्हणतात, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. मंगळवारी आम्ही दारव्ह्याच्या अलीकडच्या एका गावात हरवलेली म्हातारी शोधत होतो. त्याचा शीण अजून उतरलेला नाही, आणि तो नुसता गुडघ्यांत नाही.

आमचं पथक म्हणजे स्वतःहून जमलेली दहा-बारा माणसं. म्होरक्या एक मोटार मेकॅनिक आहे. गॅरेजचं शटर ओढून निघतो. एक निवृत्त वनरक्षक, त्याला मातीतली पावलं वाचता येतात. दोन-चार शिक्षक. आणि मी. कोणी हरवलं की घरचे किंवा पोलीस फोन करतात. मला शेतातून चालवत नाही, म्हणून घरच्यांना प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. मेकॅनिक म्हणतो, "मॅडम, तुमच्यासमोर खोटं बोलाची कोणाची टाप नाही." नन्सच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकल्याचा एवढाच उपयोग झाला म्हणायचा.

म्हातारी पहाटे घराबाहेर पडली होती. आम्हाला कळवलं दुपारी बाराला. थोरला मुलगा म्हणतो, "चोवीस तास थांबा लागते ना मॅडम?" कोणी सांगितलं? "असंच म्हणतेत." तोवर त्याने तिचा फोटो व्हॉट्सॲपवर सगळीकडे टाकला होता, नातवाच्या लग्नातला, भरजरी शालूतला. आज अंगावर काय होतं विचारलं, तर त्याने बायकोकडे पाहिलं. पायात चपला होत्या का? बायकोकडे पाहिलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत? पुन्हा बायकोकडे. मी म्हटलं, "तुम्ही तिकडे बसा, मला यांच्याशीच बोलू द्या." सुनेला सगळं ठाऊक होतं. हिरवं लुगडं, स्वेटर नाही, पाय अनवाणी. दोन वर्षांपासून विसरते, चहा पिऊन पुन्हा चहा मागते. मार्गशीर्षातली थंडी होती. अंगणात प्रत्येकाच्या मनात जे होतं ते तीच एकटी बोलली. "आज रातभर बाहेर राह्यली तं वाचत नाही माही सासू."

तूर डोक्याच्या वर गेलेली. अशा शेतात ओळ धरून चालावं लागतं, दोघांमधली जमीन दोघांनाही दिसेल इतक्या अंतरावर. विहिरीत डोकवायचं, पुलाखाली वाकायचं. हाक मारायची आणि मग सगळ्यांनी मुकाट उभं राहून ऐकायचं. हे दुसरं लोकांना जमत नाही. हाक मारतात आणि लगेच आपसांत बोलू लागतात. असं विसरणारं माणूस बहुधा फार लांब जात नाही, कुठेतरी अडकतं आणि तिथेच बसून राहतं, हा आमचा अनुभव. म्हणून तीन वाजेपर्यंत घराभोवतीची शेतं दोनदा पाहून झाली. "आजी!", "काकू!", "माय!" सगळं झालं. थोरल्याने तर लाऊडस्पीकरवरून आधार कार्डावरचं पूर्ण नाव पुकारलं, नवऱ्याच्या नावासकट, जणू रेशनच्या रांगेत तिचा नंबर लागला होता.

मेकॅनिक पाणी प्यायला अंगणात आला. "मॅडम, आवाज तं देऊन राह्यलो," तो म्हणाला, "पण कोनाले देऊन राह्यलो काय माहीत." तो दमून बोलला होता. माझ्या मात्र ते डोक्यात शिरलं. मी सुनेला विचारलं, अलीकडे ती कशाबद्दल बोलायची? "मायच्या घरी जातो म्हने. शेळ्या सुटल्या म्हने." म्हणजे बाई नऊ-दहा वर्षांची झाली होती. तिला कुठली मुलं आणि कुठली सून? आधारवरचं नाव नवऱ्याने लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं. ते तिला अजून मिळायचंच होतं.

माहेरचं नाव काय? थोरल्याने धाकट्या भावाकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याकडे. सून म्हणाली, "सासूचं माहेरचं नाव कोन इचारते मॅडम? माहं तरी याईले माहीत हाये का, इचारून पाहा." थोरला लाऊडस्पीकरची वायर गुंडाळू लागला. शेवटी ढाणकीकडे राहणाऱ्या तिच्या भावाला फोन लावला. त्याला ऐकू कमी येतं. "कोन हारपलं?" म्हणून तीनदा विचारलं, मग "नाव कायले पायजे?" मी ओरडूनच सांगितलं कशाला पाहिजे ते. तेव्हा कुठे तो "चिमी," म्हणाला. "चिमी म्हनो आमी तिले." आणि फोनवरच रडू लागला.

ही हाक मारायची कोणी, यात आणखी वेळ गेला. इतका संताप आला मला! मुलांना जन्मदात्या आईला नावाने हाक मारवेना. अखेर सुनेने पदर खोचला, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहिली आणि सासूचं नाव घेऊन ओरडली, "चिमे! ये वं घरी, माय बलावते!" सगळे गप्प उभे राहिलो. पुन्हा ओरडली. तिसऱ्या हाकेला नाल्याकडून बारीक आवाज आला. "आली वं."

पळसाच्या झुडपामागे, कोरड्या नाल्यात बसली होती. पाय काट्यांनी फाटलेले. जिवंत. त्या झुडपाजवळून आमची ओळ दोनदा गेली होती. मेकॅनिकने आपलं जर्किन तिच्या अंगावर घातलं. तिने सुनेला विचारलं, "शेळ्या भेटल्या काय?" सून म्हणाली, "भेटल्या, साऱ्या भेटल्या." लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी चहा आणला, त्याच्यावर मी विनाकारण खेकसले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

तू घरातून निघून गेलीस तेव्हा यवतमाळात असं पथक मला तरी माहीत नव्हतं. मी, दादा आणि कॉलनीतली माणसं, आम्हीच दोन दिवस "आई, आई" करत हिंडलो. तिसऱ्या दिवशी लोहाऱ्याच्या बाजूला, बाभळीच्या बुडाशी तू सापडलीस. पहिल्या संध्याकाळी मी तिथून हाकेच्या अंतरावर उभी होते. त्या रात्रीपर्यंत तू जिवंत असणार, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी सगळ्यांवर चिडते आहे. पोलिसांवर, दादावर, दार उघडं टाकणाऱ्या वहिनीवर. आम्हाला कोणी काही शिकवलंच नव्हतं, आम्हाला काय ठाऊक, असं मी आजवर सांगत आले.

मला ठाऊक होतं, आई. मी सातवीत आहे, शाळेतल्या दोन मैत्रिणी घरी आल्या आहेत. मामा गावाहून तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन फाटकात उभा राहतो आणि ओरडतो, "उकंडे! हायेस का वं घरात?" तुझ्या आधीची दोन मुलं गेली, हिला तरी नजर लागू नये म्हणून तुला जन्मल्याबरोबर उकंड्यावर, शेणकचऱ्याच्या ढिगावर ठेवून उचललं होतं आणि नावही तेच ठेवलं होतं. मैत्रिणी अर्थ विचारतात. मी इंग्रजीत सांगते की ते एका फुलाचं नाव आहे. त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात येते. तू पोळ्या लाटते आहेस. मी म्हणते, "मामाला सांग, इथे ते नाव घ्यायचं नाही." तू मान वर करत नाहीस. "बरं," म्हणतेस. त्यानंतर मामा तुला "बाई" म्हणू लागला, आणि ते नाव घेणारं कोणी उरलं नाही.

त्या संध्याकाळी लोहाऱ्याकडे ते नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. तूही तेव्हा विसरू लागली होतीस, लहान होऊन समोर नसलेल्या मामाशीच बोलत असायचीस. पण शेजारी कॉलनीतली माणसं होती, माझे ऑफिसचे साहेबही आले होते. मी "आई" अशीच हाक मारली.

आज सकाळी गॅलरीत उभी राहून ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. एकदाच. पलीकडच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती. "कोणाला बोलावताय, काकू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मांजरीला."