चिंचेने घासलेले मार्क

आई, परवा सांगलीला नाण्यांचं प्रदर्शन झालं. तिथे मी एक टेबल मांडून बसलो होतो, तुझे जर्मन मार्क आणि माझे युरो घेऊन. मार्क हे जर्मनीचं जुनं चलन आणि ते बंद करून आणलेलं नवं ते युरो, हे तुला सांगायची गरज नाही. पण बँकेतून रिटायर झाल्यापासून मला सगळ्यांना सगळं समजावून सांगायची खोड लागली आहे. घरात कोणी ऐकत नाही, म्हणून टेबल मांडतो. प्रदर्शनाहून कराडला परत आलो तेव्हापासून जेवण जात नाही. सून विचारते, पित्त झालं का? मी हो म्हणून मोकळा झालो. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे पत्र मलाच तुझ्यापुढे बसून वाचून दाखवावं लागलं असतं. ते माझ्याच्यानं झालं नसतं, म्हणून तर तू गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितोय.

साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. वडील गेल्यावर तू तिथे स्वयंपाकाला लागलीस. यंत्रं बसवायला जर्मन साहेब यायचे, दोन-दोन महिने राहायचे, आणि चार दिवसांत आपल्या तिखटापुढे हात टेकायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्याला तू महिनाभर मऊ भात आणि ताक घालून उभा केलास. जाताना त्यानं तुझ्या हातावर पन्नास फेनिगचं नाणं ठेवलं. फेनिग म्हणजे त्यांचे पैसे, शंभरांचा एक मार्क. तू ओट्याशी उभी आहेस, नाणं उजेडाला धरून बघते आहेस. त्यावर एक बाई वाकून झाडाचं रोप लावते आहे. "बघ रं," तू म्हणतेस, "तिकडं पण बायकांनाच वाकाय लागतंय म्हण की!" आणि स्वतःशीच हसत ते कनवटीला लावतेस. तिथून तुला नाद लागला. पुढे येईल त्या जर्मनाला तू खुणेनं विचारायचीस, आहे का काही? नाण्यावर बारीक अक्षर असतं, कुठल्या टांकसाळीत पाडलं त्याचं. तुला अक्षर वाचता यायचं नाही, पण आकार बरोबर ध्यानात राहायचा. "ह्यो हाय माझ्याकडं, दुसरा द्या," असं मराठीत ठणकावून सांगायचीस आणि ते मुकाट्यानं खिसे चाचपायचे. मागे व्हायोलिन छापलेली वीस मार्कांची नोट, गरुडाचे मार्क, आणि त्या म्हाताऱ्यानं दुसऱ्या खेपेला मुद्दाम आणलेलं पाच मार्कांचं चांदीचं नाणं. सगळं बिस्किटाच्या डब्यात, कडुलिंबाच्या पाल्यात.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे घरातली नाणी घासून ताटात मांडतात. तू त्यात मार्कही मांडायचीस. "आपल्या घरात आली म्हंजी आपलीच," म्हणायचीस. नोटांनाही कुंकवाचं बोट लागायचं. गेस्ट हाऊसची भांडी घासून तुझ्या हातांना चिरा पडलेल्या, चिंच-मीठ झोंबायचं. म्हणून नोकरीला लागल्यापासून दर दिवाळीला घासायचं काम माझं होतं. मी उत्साहानं घासायचो. चांदीचं तर असं लख्ख करायचो की तू म्हणायचीस, "आता तोंड दिसतंय बघ त्यात."

मग मार्क बंद होऊन युरो येणार, अशी बातमी आली. मी पेपर वाचून दाखवला, तेव्हा तू भाकरी थापायची थांबलीस. "बंद म्हंजी काय रं? त्या बाईला काडून टाकणार व्हय?" मला मात्र त्यात किंमत दिसायला लागली होती. बँकेतल्या माझ्या साहेबांना नाण्यांचा शौक होता. त्यांनीच सांगलीच्या प्रदर्शनाला बोलावलं, म्हणून डबा घेऊन तुलाही घेऊन गेलो. तू इस्त्रीचं लुगडं नेसलीस. तिथल्या जाणकारानं चांदीचं नाणं भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे घासलंय कोणी? नाण्यावरची काळसर झाक हीच त्याच्या वयाची खूण. ती गेली, आता उरलं काय?" चार लोक हसले. साहेब माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "आईनं घासलंय. अडाणी आहे ती, तिला काय कळतंय?"

तू माझ्या मागेच उभी होतीस. मी वळून बघितलंही नाही. तुझा आवाज तेवढा आला, "व्हय जी, म्याच घासली. दिवाळीला घासत्यात न्हवं."

 परतताना आष्ट्याला एसटी थांबली तेव्हा शेंगा घेतल्यास आणि सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत राहिलीस. मग म्हणालीस, "लक्ष्मीम्होरं काळी नाणी मांडायची व्हय रं?" मी दाणे खात राहिलो. त्या दिवाळीला ताटात मार्क नव्हते. डबा तू माझ्या कपाटात ठेवून दिलास. पुढे एक जर्मन साहेब नवे युरो घेऊन आला, कौतुकानं तुझ्यापुढे हात पसरून उभा राहिला, तेव्हा तू पदराला हात पुसत म्हणालीस, "माझ्या ल्योकाला द्या. मला काय कळत न्हाई त्यातलं." हे तू रागानं म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. तू ते खरं मानून म्हणालीस.

तेव्हापासून जर्मन युरो मी जमवतो. सगळ्या टांकसाळींची अक्षरं आहेत माझ्याकडे, एकेक नाणं पारदर्शक पाकिटात, हात न लावलेलं. त्यात कळलं की जुने मार्क तिकडच्या मोठ्या बँकेत अजून बदलून मिळतात, त्याला मुदतच नाही. म्हणजे तुझ्या बाईला कोणी काढून टाकलं नव्हतं, आई. तू असताना मी हे विचारून घ्यायला हवं होतं. बँकेत होतो मी, एक पत्र टाकायला काय लागत होतं? पण तुझ्यापुढे तो विषय काढायची मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून मी तुझ्यावरच खेकसायचो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी घालून कपाटात जाईल. त्याआधी परवाचं सांगून टाकतो. एक कॉलेजची मुलगी टेबलापाशी थांबली. चांदीचं नाणं हातात घेऊन तिनं विचारलं, "काका, हे जुनं असून इतकं चकचकीत कसं काय?" साहेब वारून कितीतरी वर्षं झाली. माझी नोकरी संपली. ओळखीचं एक माणूस आसपास नव्हतं. खरं सांगायला एवढी मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. आणि मी म्हणालो, "आमच्या घरची जुनी माणसं, बाळ. अडाणी. त्यांना काय कळायचं?" ती हसली नाही, आई. हसलो तो मी एकटाच.